मामाजींच्या चाकूतला माझा कान

माझे सासरे फुलसावंगीचे. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली होती, तरी आम्हा दोघांत बोलणं असं फारसं झालेलं नव्हतं. ते यवतमाळला आले की मी म्हणायचो, "या मामाजी. गाडी वेळेवर भेटली का?" ते म्हणायचे, "भेटली." मग ते विचारायचे, "कॉलेज सुरू हाय?" मी म्हणायचो, "आहे." त्यानंतर आम्ही दोघं टीव्हीकडे तोंड करून बसायचो. टीव्ही बंद असला तरी. ते मला 'जवाईबुवा' म्हणत, आणि काठोकाठ भरलेला ग्लास ट्रेमधून आणावा तसा हा शब्द सांभाळून उच्चारत.

मागच्या हिवाळ्यात सासूबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. यवतमाळच्या एका दवाखान्यात रोज सकाळी व्यायाम करून घेतात, म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांच्यासोबत मामाजीही आले. मला दिवाळीच्या सुट्या होत्या. सकाळी नऊच्या सुमाराला माझी बायको सासूबाईंना ऑटोत बसवून दवाखान्यात न्यायची, आणि घरात मी आणि मामाजी उरायचो. पहिल्या दिवशी मी पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी तो पेपर त्यांनी वाचला आणि मी त्यांच्याकडे पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी पेपर आलाच नाही.

त्या तिसऱ्या दिवशी मामाजींनी टोपलीतला पेरू उचलला आणि बंडीच्या खिशातून आपला चाकू काढला.

या चाकूबद्दल सांगायला हवं. शिसवी मुठीचा, दोन्ही टोकांना पितळ लावलेला घडीचा चाकू. तरुणपणी त्यांनी तो उमरखेडच्या बाजारात घेतला होता. पेरू, काकडी, सुतळी, खताच्या पोत्याची शिवण, बैलाच्या दाव्याची गाठ, सुपारी, सगळ्याला तोच. पायाची नखंही त्यानंच. हे शेवटचं मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी दिसलं होतं. तेव्हापासून सासुरवाडीला कापून दिलेली फोड मी 'आत्ताच जेवलो' म्हणून टाळत आलो होतो.

त्या सकाळी पातं उघडेना. मामाजींनी नखाच्या खाचेला धरून ओढलं, मग धोतराचा सोगा गुंडाळून ओढलं, मग चाकू गुडघ्यांत धरून दोन्ही हातांनी ओढलं. पातं अर्धवट बाहेर येऊन करकरलं आणि तिथंच अडकलं. त्यांनी चाकू कानाशी नेऊन हलवला.

"याचा सांधा गेला," ते म्हणाले. दवाखान्यामुळे हा शब्द घरात रोज वापरात होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, खोलून साफ करून पाहू का?"

असं मी का म्हणालो ते मला माहीत आहे. आठवडाभरापूर्वी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक दाढीवाला परदेशी माणूस मंद संगीताच्या तालावर चाकू खोलतो, एकेक भाग मऊ कापडावर मांडतो, पुसतो, तेल लावतो आणि परत जोडतो. बघताना इतकं शांत वाटलं होतं की मी तो दोनदा पाहिला.

मामाजींनी मान वर केली. "खोलता येते?"

"येतं की," मी म्हणालो. मी अर्थशास्त्र शिकवतो. स्वतः कधी न केलेल्या गोष्टींबद्दल ठामपणे बोलायची मला सवय आहे.

आम्ही गॅलरीत उन्हाला बसलो. जुना पेपर पसरला, पेचकस आणला, पक्कड आणली. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातून तेलाची बाटली काढली. "एखादा जुना ब्रश लागेल," मी म्हणालो. मामाजी आत गेले आणि ब्रश घेऊन आले. तो माझा होता. आजही सकाळी मी त्यानंच दात घासले होते.

"हाच जुना दिसला," ते म्हणाले.

मी ब्रशकडे पाहिलं तर त्यांचं खोटं नव्हतं.

चाकूच्या पात्याची मूळ खीळ कधीतरी तुटली होती आणि कोणीतरी तिथं छोटा स्क्रू आणि नट बसवून दिला होता. त्यामुळे तो खोलता येण्यासारखा होता. मी पेचकस लावला, मामाजींनी नट पकडीत धरला. मी जोर लावला. काही हललं नाही.

"तुमी उलटा फिरवून राह्यले, जवाईबुवा."

"नाही मामाजी, हाच बरोबर आहे. डावीकडे फिरवला की ढिला होतो."

"तुमच्या डावीकडं का माह्या?"

आम्ही समोरासमोर बसलो होतो. हा प्रश्न मला बरोबर वाटला. मी उजवीकडे फिरवून पाहिलं, मग डावीकडे, मग मामाजींनी पेचकस घेतला आणि मी पक्कड. शेवटी दोघांनी एकाच वेळी जोर लावला. कोणाच्या बाजूनं ते सांगता येणार नाही, पण स्क्रू कचकन सुटला आणि मामाजी मागच्या मागे आडवे झाले. मी त्यांना उठवायला वाकलो. पण त्यांनी झोपल्या झोपल्या हात वर केला. हातात पेचकस आणि चेहऱ्यावर आनंद.

"निंगाला!"

पातं मुठीतून बाहेर आलं. त्याच्या दोन्ही अंगांना पितळेच्या चकतीचे दोन पातळ वायसर होते, अगदी टिकलीएवढे. मी व्हिडिओतल्यासारखे सगळे भाग पेपरवर ओळीनं मांडले. आणि मग आम्ही मुठीच्या खाचेत डोकावलो.

आत जे होतं त्याला घाण म्हणणं कमीपणाचं होईल. मामाजींनी सुईनं उकरून एकेक थर काढला आणि ओळखून सांगू लागले. "हा ऊस. हा आंब्याच्या कोयीचा केस. हे पेरूचं बी. हा सरकीचा धागा, हा बोंड फोडून पाह्यलं तवाचा असन. ही सुपारी." सुईच्या टोकावर मग एक पांढुरकं, वाकडं काहीतरी आलं. त्यांनी ते उन्हात धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि गॅलरीबाहेर टिचकीनं उडवलं. ते काय होतं हे दोघांनाही कळलं होतं.

"तुमाले माहीत हाय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहिल्या वर्षापासून."

"म्हनून तुमी फोड खात नाई?"

मी मान हलवली. त्यावर मामाजी जे हसायला लागले ते थांबेचनात. बंडीच्या बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "अन् आमी समजलो की तुमाले पेरू आवडत नाई! दर वर्षी तुमी यायच्या आधी घरातले पेरू वाटून टाकतो ना मी, जवाईबुवाच्या नजरेस पडाले नोको म्हनून!"

मग मीही हसलो. हसता हसता मी ब्रश घेतला, आता तो तसाही कामातून गेला होता, आणि मूठ घासू लागलो. मामाजी पातं घासू लागले. हात कामात असले की बोलणं सोपं जात असावं. त्यांनी खाली पाहत विचारलं, "एक इचारू? तुमाले एवढी शांतता काहून आवडते?"

"मला?"

"हो ना. आमी पाहाले आलतो तुमाले, तवा तुमी एक शब्द बोलले नाई. तुमचे वडील बोलून राह्यले, काका बोलून राह्यले, अन् तुमी आपले मुकाट. मी घरी जाऊन म्हटलं, पोरगा लाखात एक हाय. बडबड नाई. याच्याशी उगा बोलून त्याले तरास द्याचा नाई, असं मी तवाच ठरवलं."

मी ब्रश खाली ठेवला. "मामाजी, त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. गाल सुजला होता. तोंड उघडता येत नव्हतं."

"मंग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी दाढ काढली."

"अन् मंग इतके वर्सं?"

"मला वाटलं तुम्हाला बोललेलं आवडत नाही."

मामाजींनी पातं माझ्याकडे रोखलं. "म्हंजे माही पोरगी मी एका दाढेच्या भरोशावर देल्ली!" असं म्हणून ते पुन्हा हसू लागले. या वेळी मलाही आवरेना. मी हसत हसत मागे रेललो, पाय ताणला गेला, पेपर ओढला गेला, आणि ओळीनं मांडलेल्यांपैकी एक वायसर घरंगळत गॅलरीच्या जाळीतून खाली गेला. टिण्ण असा आवाज आला.

आम्ही हसणं सोडून खाली धावलो.

खालच्या मजल्यावर बँकेतल्या एक बाई राहायला आल्या होत्या. कोल्हापूरकडून बदली होऊन आलेल्या, एकट्याच राहत. माझ्या बायकोशी त्यांची ओळख झाली होती, माझ्याशी नाही. त्यांच्या खिडकीखाली शेवंतीच्या कुंड्या होत्या आणि आवाज तिथूनच आला होता. मी एका बाजूनं कुंड्या सरकवू लागलो, मामाजी धोतर खोचून दुसऱ्या बाजूनं. मातीत बोटं घालून आम्ही असे काही गुंगलो की मामाजींच्या उजव्या हातात नुकतंच घासलेलं, लखलखीत, बिनमुठीचं पातं आहे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. माझ्या हातात पक्कड होती.

खिडकी उघडली. मामाजी आवाजासरशी उठून उभे राहिले.

बाईंनी पातं पाहिलं आणि किंचाळून खिडकी लावली. आतून आवाज आला, "मी पोलिसांना फोन करते हं!"

मामाजी बंद खिडकीकडे तोंड करून अतिशय नम्रपणे म्हणाले, "बाई, घाबरू नोका. आमाले फक्त वायसर पायजे."

"काही नाहीये आमच्याकडे! पुढच्या घरी जावा!"

"पुढच्या घरी कसा असन? तुमच्याच कुंडीत पडला."

मी पुढे झालो. "मॅडम, मी वरचा."

"वरचा कोण?"

मी बायकोचं नाव सांगितलं. खिडकी बोटभर उघडली. मी आणखी सांगितलं की हे तिचे वडील, त्यांचा चाकू खोललाय, त्यातला एक भाग खाली पडलाय. बाईंनी मामाजींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मामाजींना तेव्हा कुठे पात्याची आठवण झाली आणि त्यांनी ते घाईघाईनं पाठीमागे लपवलं. त्यामुळे ते जास्तच संशयास्पद दिसू लागले.

शेवटी बाई बाहेर आल्या. हकिगत पुरती ऐकल्यावर त्या इतक्या मनापासून शोधायला लागल्या की भर उन्हात त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. तिघांनी मिळून सगळ्या कुंड्या पाहिल्या. एक शेवंती मुळासकट उपटली आणि परत लावली. वायसर काही मिळाला नाही. "कावळ्यानं नेला असेल," बाई म्हणाल्या, आणि आम्हाला दोन जिलब्या देऊन वर पाठवलं.

आता वायसर करायचा होता. मामाजींनी उरलेला वायसर दोन बोटांत धरून जाडी पाहिली आणि घरभर फिरून तेवढ्याच जाडीचं काही मिळतं का ते शोधू लागले. दुधाची पिशवी फार पातळ. आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण फार जाड. कपाटाच्या खणात माझं जुनं, मुदत संपलेलं कॉलेजचं ओळखपत्र सापडलं. त्यांनी ते अंगठ्यानं वाकवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे कापलं तं चालन?"

"चालेल. त्याचा आता उपयोग नाही."

ते ओळखपत्र घेऊन बराच वेळ नुसते बसले. "पन कापाव कुठून? इकडं सरस्वतीचं चित्र हाय, ते तं नाई कापता येत. इथं कॉलेजचं नाव. इथं तुमचं नाव, ते कापनं बरं नाई दिसत. मांग नियम छापले हायेत, ते तं कुठूनबी कापलं तरी तुटते." ओळखपत्र त्यांनी पुन्हा पुन्हा उलटंसुलटं केलं. मग घसा खाकरून, अगदी लग्नाच्या बोलणीच्या वेळी वापरतात त्या आवाजात विचारलं, "जवाईबुवा, तुमचा कान घेतला तं चालते काय?"

मी फोटोकडे पाहिलं. माझे कान मोठे आहेत. एका कानात वायसर आरामात बसत होता.

"घ्या," मी म्हणालो.

कात्री हवी होती. घरात धारेची कात्री एकच, बायकोची, कापड कापायची. तिला कागदसुद्धा लावायची परवानगी नाही. आम्ही तिनं प्लास्टिक कापलं. मधलं भोक पाडायला दाभण गॅसवर तापवलं. माझ्या कानातून धूर निघाला आणि स्वयंपाकघरात जळक्या प्लास्टिकचा असा वास सुटला की दोघांनाही खोकला आला. पण वायसर झाला. किंचित अंडाकृती झाला, पण झाला.

मग जोडणी. पात्याच्या बुडाला मुठीतली पोलादी पट्टी दाबून धरते, तिच्याच जोरावर चाकू उघडा किंवा बंद राहतो. ती पट्टी दाबून धरायची, पातं बसवायचं, दोन्ही बाजूंना वायसर सरकवायचे आणि भोकं एका रेषेत आली की त्याच क्षणी स्क्रू आत घालायचा. दाढीवाल्या माणसानं हे दोन हातांनी केलं होतं. आम्हाला चार कमी पडत होते. पट्टी दाबली की कान निसटायचा. कान बसला की पितळेचा वायसर पडायचा. एकदा सगळं जमलं, स्क्रू आवळला, नट लावला, आणि मामाजींनी मोठ्या ऐटीत चाकू मिटला. मिटलेल्या चाकूची धार मुठीतून वर आली होती.

मामाजींनी तो लांब धरून पाहिला. "हा तं उघडा असला का बंद असला, कापनारच."

पातं उलटं बसलं होतं. पुन्हा खोललं.

दुसऱ्या खेपेला दोघंही हट्टाला पेटलो होतो. मी पक्कड दोन्ही हातांनी दाबून पट्टी धरली होती. मामाजींचं नाक माझ्या मनगटाला लागत होतं. भोकं जुळत आली आणि माझी पक्कड घसरू लागली.

"दाब! अरे दाब ना बावा! सोडू नोको!"

"दाबतोय मामाजी, तुम्ही घाला आधी!"

"तू हालतू कायले? धर नीट, धर! असं काय मेल्यावानी धरतू?"

नेमक्या त्याच वेळी बायको आणि सासूबाई दवाखान्यातून आल्या होत्या. बायकोनं जिन्यातूनच आपल्या बापाचा चढलेला आवाज ऐकला, आणि नवऱ्याला 'तू' म्हणताना ऐकलं. आम्ही भांडतोय अशी तिची खात्री झाली. सासूबाईंना कठड्याशी सोडून ती धावत वर आली. गॅलरीत तिला दिसलं ते असं : नवरा आणि बाप एकमेकांना चिकटून बसलेत, मधे एक पातं आहे, आणि घरभर जळका वास.

"काय करून राह्यले तुमी दोघं?" ती ओरडली.

"थांब!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो. स्क्रू आत गेला.

नट आवळल्यावर मामाजींना आपण काय बोललो ते उमगलं. त्यांनी टोपी सारखी केली. "जवाईबुवा, घाईघाईत तोंडून निंगून गेलं. मनावर नोका घेऊ."

"चालू द्या मामाजी," मी म्हणालो. "बरं वाटलं."

तेवढ्यात सासूबाई कठडा धरत वर आल्या. जळका वास, पेपरावरचं तेल, कात्री, काळा पडलेला ब्रश, काहीच त्यांच्या नजरेत भरलं नाही. त्या दारातच थांबून मुलीला म्हणाल्या, "अवो, हे दोघं बोलून राह्यले!"

स्क्रू फार आवळला तर पातं उघडत नव्हतं आणि सैल केला तर लुळं पडत होतं. त्यामुळे पुढचा तास "अजून थोडा," "लय झाला," "मांगं घे," यात गेला. जेवायला हाक मारून मारून बायको थकली. ऊन गॅलरीतून निघून गेल्यावर एकदाचा मेळ बसला. पातं अलगद उघडलं आणि खट्ट आवाज करून मिटलं. मामाजींनी तोच आवाज पुन्हा पुन्हा काढून पाहिला. मग चाकू गरम पाण्यानं आणि साबणानं धुतला, माझ्यादेखत. पेरू कापला आणि एक फोड माझ्यापुढे धरली. मी खाल्ली. शिलाई मशीनच्या तेलाची चव होती, पण मी दुसरीही मागितली.

"तुमचा कान आता माह्या खिशात राहीन," ते म्हणाले. "कोनी काई बोललं तुमच्या मांगं, तं मले कळन."

कात्रीचं बायकोला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यावर काय झालं ते लिहिण्यासारखं नाही.

गुडघे सुधारले आणि ते दोघं फुलसावंगीला परत गेले. नंतर थोड्याच दिवसांत मामाजींचा फोन आला. आजवर त्यांचा फोन नेहमी मुलीला यायचा. या वेळी तो माझ्या मोबाइलवर आला होता. फवारणीचा पंप नीट चालत नव्हता. "मी खोलून ठेवतो," ते म्हणाले, "तू रविवारी ये. पेचकस घेऊन ये, इथल्याचं टोक गोल झालं." चारचौघांत ते मला आजही 'तुमी' म्हणतात. 'तू' फक्त दुरुस्तीच्या कामाला.

रविवारी मी सकाळच्या एसटीनं गेलो. मामाजी मागच्या अंगणात पंपाचे तुकडे मांडून बसले होते. सासूबाईंनी मला दारातच अडवलं, हातावर पाणी घातलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "जवाईबुवा, एक सांगू? पंपाचं काय कराचं ते करा. पन त्याइचा डोळा आता मिक्सरवर हाय. म्हनते आवाज जास्त करते. मी तो तांदळाच्या कोठीत लपवला. तुमी सांगू नोका बरं."

"नाही सांगणार," मी म्हणालो. आणि तेव्हा माझ्या मनात तसंच होतं.

पंप दुपारच्या आत जोडून झाला. एक रबरी चकती उरली, पण पंप तिच्याशिवायच चांगला चालू लागला, म्हणून आम्ही ती खिशात टाकली. जेवायला बसलो. सासूबाई भाकरी आणायला आत गेल्या. मामाजी माझ्याकडे सरकले.

"तिनं मिक्सर कुठंसा ठेवला," ते हळू आवाजात म्हणाले. "तुले काई सांगतलं?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"तांदळात," मी म्हणालो.